पत्र्यामागची पाच पिंपं

आमचा एर्मेस गप्प बसू शकत नाही. तोंडानं बसेल एक वेळ, हातानं नाही. जेवायला बसला की टेबलावर टकटक, प्रार्थनेला बसला की बाकावर टकटक, आणि मी काही महत्त्वाचं सांगत असले की हटकून खुर्चीच्या पाठीवर टकटक. सगळा जन्म पत्रे ठोकण्यात गेला, तो तरी काय करणार? इटलीतल्या या मोदेना गावात आमच्या पिढीत प्रत्येकाला बाप्तिस्म्याचं एक नाव असायचं आणि लोकांनी ठेवलेलं दुसरं. माणूस गेला की भिंतीवर जो कागद चिकटवतात, त्यावर हे दुसरं नावच ठळक छापावं लागतं, नाहीतर मातीला कोणी येणार नाही. एर्मेस ग्वाल्दी म्हटलं तर टपालवालासुद्धा डोकं खाजवतो. ‘टकटक्या’ म्हणा, दारापर्यंत आणून सोडतील.

तो माल्वेर्तींच्या कारखान्यात होता. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं दुसरीकडे व्हायची, त्यांचं अंग माल्वेर्तींकडे. अंग म्हणजे वरचा सगळा पत्रा, बॉनेट, दारं, मडगार्ड. साचा नाही, यंत्र नाही; वाळूची पोती, लाकडी हातोडे आणि दोन माणसं. एक बाहेरून ठोकणार, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरणार. हातानं केलेली वस्तू ती, एकीसारखी दुसरी कुठून होणार? या गाडीचं दार त्या गाडीला लावायला जा, बोटभर फट राहायची. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला निळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, कुठल्या गाडीचा, डावा का उजवा. मग वरून रंग लागायचा, आतून दुसरा पत्रा नाहीतर अस्तर बसायचं, आणि ती खूण कायमची झाकली जायची.

आता जे कोणी बघणारच नाही, तिथे माणूस काय काय लिहील याला काही धरबंध आहे का?

एर्मेसच्या समोर आतून ठोकळा धरायचा तो माझा थोरला भाऊ, ओरेस्ते. दोघांची जोडी म्हणजे कारखान्याचा डावा-उजवा हात. एर्मेस ओरेस्तेबरोबर आमच्या घरी रविवारी जेवायला यायला लागला, आईच्या हातचे सूपमधले तोर्तेल्लिनी, सारण भरलेल्या त्या छोट्या पुरचुंड्या, दोन-दोन वाट्या रिचवायला लागला, आणि तिसऱ्या वाटीला माझ्याकडे बघायला लागला. माझ्या लग्नाची गोष्ट एवढीच. आई म्हणायची, “झेलिंदा, हा तुझ्यासाठी येतो का सुपासाठी, एकदा विचारून घे.” मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

दुपारच्या सुट्टीत हे दोघं पत्ते खेळायचे. ब्रिस्कोला. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी ब्रिस्कोला शिकतात. पण कारखान्याचे मालक, कावालिएरे माल्वेर्ती, यांना पत्त्यांचं भारी वावडं. पत्ते दिसले की घरी पाठवायचे, आणि धन्याची नजर अशी की खिशातला कागदाचा कपटासुद्धा सुटत नसे. मग गुण मांडायचे कुठे? पालथ्या बॉनेटवर पत्ते टाकायचे आणि त्याच पत्र्याच्या आतल्या अंगाला निळ्या पेन्सिलीनं रेघा ओढायच्या. इकडे एर्मेसच्या, तिकडे ओरेस्तेच्या. रेघांच्या वर, ज्यानं जे पणाला लावलं त्याचं चित्र, म्हणजे मागाहून कोणी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला नको. सलामी, म्हणजे दोरीनं बांधून वाळवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, लावली तर सलामी, लांब्रुस्को वाइनची बाटली लावली तर बाटली. आणि नियम असा कडक, की पणाला लागलेल्या वस्तूला खेळ संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एकदा मध्ये ओरेस्तेला गोवर झाला, तर एर्मेसनं लावलेली सलामी तो बरा होईपर्यंत भिंतीवरच्या खिळ्याला लटकत राहिली. तिला बुरशी आली, उंदरानं खाल्ली, पण या दोघांनी तुकडा तोडला नाही. गाढवांनाही काही तत्त्वं असतात.

आता माझ्या पिंपांचं सांगते, कारण माझा जीव अडकला होता तो तिथे.

आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप तिच्या नावानं सिरक्याची पिंपं मांडतो. पाच लाकडी पिंपं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, घराच्या माळ्यावर. उकळून आटवलेला द्राक्षांचा रस मोठ्यात पडतो आणि वर्षा-वर्षानं एकेक पिंप पुढे सरकत धाकट्यात पोचतो. दर वर्षी जेवढं उडून जातं तेवढी भर घालायची. मुलगी लग्नाची होईपर्यंत तो सिरका काळाभोर, दाट, गोड-आंबट होतो, आणि मुलगी सासरी जाते ती पिंपांसकट. माझ्या बाबांनी मी जन्मले त्या हिवाळ्यात माझी मांडली. धाकट्या पिंपाला बैठक मिळेना, तेव्हा त्याला दूध काढायच्या जुन्या स्टुलाचे पाय ठोकले. लहानपणी मी त्याला माझं वासरू म्हणायची.

मी लग्न होऊन एर्मेसच्या घरी आले तेव्हा आमच्या माळ्याला चुना लावायचा होता. ठरलं की वसंतात पिंपं न्यायची. वसंत आला आणि एक दिवस एर्मेस घरी येऊन टोपी चुलीवर फेकून म्हणाला, “तुझा भाऊ लबाड आहे. मी त्याच्याशी बोलणार नाही.”

“का रे, झालं काय?”

“पत्ते.”

“मग माझी पिंपं?”

“ते त्याला विचार.”

मी सायकल काढली, माहेरी गेले. ओरेस्ते अंगणात उभा होता, कडू काढा प्यावा तसं तोंड करून.

“तुझा नवरा लबाड आहे,” तो म्हणाला.

“ते माझं मी बघेन. माझी पिंपं दे.”

“ते त्याला विचार.”

आईला विचारलं, तर ती म्हणाली, “पोरांचं भांडण आहे, आठवड्यात मिटेल.” कसला आठवडा! बाबा गेले, आई गेली, आमच्या पोरी मोठ्या होऊन बोलोन्याला नांदायला गेल्या, माझे केस पिकले, तरी माळ्याला कुलूप ते कुलूपच. दर नाताळला मी माहेरी जाऊन पिंपं मागायची आणि दर नाताळला रिकाम्या हातानं परत यायची. शेजारची देझोलिना पोर्सलीनच्या बशीत तिच्या सिरक्याचे दोन थेंब चीजवर टाकून मला द्यायची, वर विचारायची, “तुझा कसा झालाय गं यंदा?” जळून राख व्हायची माझी. मला वाटायचं ओरेस्तेनं सगळा संपवला असणार, नाहीतर पिंपं वाळवून चुलीत घातली असणार. तसा हा भाऊ माझा चिकटच. लग्न केलं नाही. दारात लाल मोटारसायकल असून जन्मभर सायकलनं कारखान्यात गेला. मी म्हणायची, पेट्रोलचे पैसे वाचवतोय मेला.

तुम्ही म्हणाल, भांडण झालं तर एकानं दुसरी नोकरी धरायची. छे! दोघंही तिथेच, समोरासमोर, एक ठोकतोय आणि एक ठोकळा धरतोय, पुढची तीस वर्षं. कावालिएरेंनी जोड्या बदलून पाहिल्या, तर पत्रे सुरकुतायला लागले, म्हणून परत यांनाच एकत्र केलं. बोलायचं तर नाही, आणि न बोलता काम कसं व्हावं? म्हणून हे दोघं पत्र्यावर लिहायला लागले. ‘इथे हळू.’ ‘अजून दोनदा.’ ‘आंधळा आहेस का?’ ‘गाढव.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘तुझा बाप.’ मी नवऱ्याला म्हणायची, “अरे, नाताळला जेवायला ये म्हणावं ओरेस्तेला.” हा दुसऱ्या दिवशी दाराच्या पत्र्यावर लिहायचा, ‘नाताळला येणार का? ती विचारते.’ त्याखाली, ‘नाही.’ मग त्यावर अस्तर चढायचं, गाडी विकली जायची, आणि माझं नाताळचं आमंत्रण लाल रंगाखाली बसून अमेरिकेला जायचं.

तर अशी सगळी वर्षं गेली. कारखाना बंद पडला. दोघं म्हातारे झाले, पेन्शनीत गेले. आणि गेल्या शरद ऋतूत इवानो आमच्या दारात आला.

इवानो जुन्या गाड्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, “काका, झ्युरिकहून एक साहेब आलेत, अम्मान नावाचे. माल्वेर्तींच्या गाड्यांवर पुस्तक लिहितायत. जुने पत्रे उघडले की आत निळी चिन्हं सापडतात, त्यांचा अर्थ कोणाला लागत नाही. लोक म्हणतात शर्यतीच्या विभागाची गुप्त लिपी आहे. तुम्ही सांगाल का? फोटो काढणार आहेत.”

फोटो म्हटल्यावर आमचे राव ताठ झाले. लग्नातला कोट काढला, बटणं लागेनात तरी घातला. मी म्हटलं, मीही येते. अशी संधी पुन्हा येणार आहे का? नवऱ्याचं कौतुक ऐकायची पाळी बायकोवर जन्मात एकदा येते.

इवानोच्या गॅरेजात भेटले ते अम्मान साहेब उंच, गोरे, फार सभ्य. माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. इटालियन असं बोलायचे की व्याकरणाच्या पुस्तकाला घाम फुटावा. त्यांनी जगभरच्या गाड्यांतले फोटो टेबलावर मांडले.

“ग्वाल्दीसाहेब, हा लंबगोल आकार. दोरी बांधल्यासारखा. काय असेल?”

सलामी होती ती. मी पाहताक्षणी ओळखली. एर्मेसनं घसा खाकरला. “ती सायलेन्सरची नळी,” तो म्हणाला.

“आणि ‘गाढव’ हा शब्द? सात गाड्यांत सापडलाय.”

“वजन पेलणारा भाग. आमच्या बोलीत त्याला गाढव म्हणतात.”

“विलक्षण!” अम्मान साहेब लिहून घेत म्हणाले. “आणि हे, ‘नाताळला येणार का? ती विचारते. नाही.’”

“मालकीणबाई विचारायच्या, गाडी नाताळपर्यंत तयार होईल का. तर नाही होणार, असं.”

मी रुमाल तोंडात कोंबला होता. इवानो खाली वाकून उगाच चाकाचे नट बघत होता. थापा मारण्यात आमच्या माणसाचा हात कोणी धरणार नाही. साहेब बिचारे मान डोलवत सगळं टिपून घेत होते, आणि मला त्यांची दयाही येत होती.

मग इवानो म्हणाला, “काका, आता खरी गंमत. ही गाडी बघा. अर्जेंटिनाहून आलीय. अर्धी जळाली होती म्हणे, पण पुढचा भाग शाबूत राहिला. आज सकाळीच बॉनेटचा आतला पत्रा सोडवलाय, अजून कोणी नीट बघितलं नाही.”

अर्जेंटिना म्हटल्यावर एर्मेसची टकटक थांबली. मी त्याच्याकडे बघितलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“झेलिंदा, तुला थंडी वाजत असेल,” तो म्हणाला, “घरी जाऊया.”

“कोट तू घातलायस, थंडी मला कशी वाजेल? बस.”

इवानोनं बॉनेट उलटं केलं. आत निळ्या रेघा होत्या, दोन बाजूंना, पाच आणि पाच. ओरेस्तेच्या रेघांवर दोन चाकं आणि हँडल, म्हणजे मोटारसायकल. आणि एर्मेसच्या रेघांवर…

“हे नवीन आहे!” अम्मान साहेब भिंग घेऊन वाकले. “पाच गोल, मोठ्यापासून लहानापर्यंत. ग्वाल्दीसाहेब, हे काय असेल?”

“हवा,” एर्मेस म्हणाला. “हवा… अशी आत येते, मोठी, आणि मग लहान होत होत…”

“एर्मेस,” मी म्हटलं, “हवेला पाय असतात का रे?”

कारण शेवटच्या, सगळ्यात धाकट्या गोलाला खाली पाय काढले होते. स्टुलाचे. माझं वासरू होतं ते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी माझ्या पिंपांसाठी भावाच्या दारात भिकाऱ्यासारखी उभी राहिले. देझोलिनाचे थेंब चाटले. आणि हा माझा नवरा, शेजारी झोपणारा, माझ्या हातचं खाणारा, यानं माझी पिंपं पत्त्यांवर लावली होती! लग्नाला वर्षही झालं नव्हतं! एका मोटारसायकलसाठी!

“तुला हवी होती होय मोटारसायकल?” मी विचारलं.

“फार सुंदर होती गं,” एर्मेस म्हणाला.

अम्मान साहेबांची पेन्सिल हवेत थांबली होती. “क्षमा करा, बाई, ही पिंपं आहेत का? इंधनाची?”

“नाही साहेब,” मी म्हटलं. “हुंड्याची. लिहा तुमच्या पुस्तकात. आणि हे गाढव वजन पेलणारा भाग नाही, हे गाढव इथे कोट घालून उभं आहे.”

साहेबांना आमच्याबरोबर यायचं होतं. मी म्हटलं, घरचं भांडण आहे, याला तिकीट नसतं. इवानोच्या टेम्पोत मी मध्ये बसले, एर्मेस दाराला चिकटून. वाटेत मी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. त्या दिवशी पाच-पाच बरोबरी झाली होती. शेवटचा डाव अर्ध्यात होता. तेवढ्यात कावालिएरेंच्या बुटांचा आवाज आला. दोघांनी पत्ते उचलून भट्टीत टाकले, बॉनेट उलटं केलं, आणि ते तसंच रंगाला आणि तिथून अर्जेंटिनाला गेलं. मग वाद. हा म्हणतो, माझ्या हातात हुकमाचा एक्का होता, मीच जिंकत होतो. तो म्हणतो, एक्का माझ्या हातात होता. पत्ते जळून राख, मग खरं खोटं कोण ठरवणार?

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुला?” एर्मेस म्हणाला. “मला जगायचं होतं.”

ओरेस्ते अंगणात होता. तांब्याच्या मोठ्या कढईखाली लाकडं जळत होती, आणि द्राक्षांचा रस उकळल्याचा तो गोड, चिकट वास गल्लीपर्यंत आला होता. सिरक्याची पिंपं नसतील तर माणूस रस कशाला आटवेल?

त्यानं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे एर्मेसला. हातातला ढवळायचा डाव कढईत पडला.

“बॉनेट सापडलं,” मी म्हटलं. “पाच-पाच आहे. आणि माझं वासरू त्यावर काढलंय. किल्ली दे.”

“झेलिंदा, ऐक…”

“किल्ली!”

खिशातली किल्ली त्यानं मुकाट्यानं काढून दिली. जिन्याखाली जुन्या चादरीखाली मोटारसायकल उभी होती. टायर वाळून भेगाळलेले, पण टाकी अजून आरशासारखी पुसलेली. बसायच्या जागेवर सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.

“तू ही कधी चालवलीच नाहीस?” मी थांबून विचारलं.

“पणाला लागली होती ना,” ओरेस्ते म्हणाला. “खेळ कुठे संपला होता?”

मी वर गेले. माळा झाडलेला होता. पाचही पिंपं ओळीनं, प्रत्येकाच्या तोंडावर स्वच्छ पांढरं फडकं, फडक्यावर दगड. लाकूड काळं झालं होतं, पण एकही फळी सुकलेली नव्हती, एकही सांधा गळत नव्हता. धाकटं स्टुलाच्या पायांवर उभं होतं. मी फडकं काढून वाकले, आणि बाबांच्या अंगाचा वास आला. खोटं नाही सांगत. हिवाळ्यात माळ्यावरून उतरल्यावर त्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच.

“दर वर्षी भर घातली,” ओरेस्ते मागून म्हणाला. “एक वर्ष चुकलं नाही.”

“आणि काढला किती?”

“थेंबही नाही.”

“खोटं बोलू नकोस.”

“बघ ना कसा झालाय. काढला असता तर असा झाला असता का? कोणाचा ते ठरलं नव्हतं, मग मी कसा काढू?” तो पायरीवर बसला. चांगला दांडगा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. “झेलिंदा, आईनं मागितला होता.”

“काय?”

“शेवटच्या आजारात. तू डॉक्टरला आणायला गेली होतीस. म्हणाली, तोंडाला चव नाही, झेलिंदाच्या पिंपातला एक थेंब दे जिभेवर. मी किल्ली हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलो गं. पण मला वाटलं, आज मी हात लावला तर तो म्हणेल, बघा, लबाडी केली. म्हणून मी दुकानातून बाटली आणली. चमच्यानं दिला. तिनं चाटला, आणि म्हणाली, हा आपला नाही. मग पुन्हा काही मागितलं नाही.”

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. पिकल्या केसांच्या सख्ख्या थोरल्या भावाला. आवाज असा झाला की खाली कोंबड्या ओरडल्या. आणि मग मीच त्याच्या गळ्यात पडून रडले, कारण तो माझ्या आधीच रडायला लागला होता. मला आईचा राग आला, यांचा आला, माझा आला, कोणाकोणाचा आला ते मला अजून सांगता येत नाही. एक थेंब. चार पायऱ्या चढायच्या होत्या.

एर्मेस दारात टोपी मुरगाळत उभा होता. या घरात तो माझ्या आईच्या मातीलाही आला नव्हता. तो खालीच बघत म्हणाला, “ओरेस्ते.”

आम्ही दोघांनी मान वर केली. तीस-चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे नाव तोंडानं उच्चारलं होतं.

“माझ्या हातात एक्का नव्हता,” एर्मेस म्हणाला. “फुटकळ पत्ते होते. मी हरत होतो. मी नुसतं म्हणालो.”

ओरेस्तेनं बाहीनं नाक पुसलं.

“तुझ्याकडे नव्हता?”

“नव्हता.”

“माझ्याकडेपण नव्हता,” ओरेस्ते म्हणाला. “मला वाटलं तुझ्याकडे आहे. म्हणून मी आधी ओरडलो.”

खाली कढईतला रस उतू जायला लागला होता, त्याचा चर्र आवाज येत होता, तरी कोणी हललं नाही. एक्का गड्डीतच राहिला होता. या दोघांच्याही हातात तो कधी आलाच नव्हता. भट्टीत जळून गेला होता बिचारा, आणि त्याच्यासाठी यांनी तोंडं शिवून घेतली, मला दारोदार हिंडवलं, आणि माझी आई दुकानातल्या सिरक्यावर गेली.

मी दोघांना म्हटलं, “एकानं जा, आच कमी करा. दुसऱ्यानं चीज आणा, आणि चमचा.”

दोघंही एकदम उठले, जिन्यात एकमेकांवर आदळले, आणि एकमेकांना शिव्या देत खाली गेले. तोंडानं देत होते, पेन्सिलीनं नाही.

चीज आलं, पार्मेझानचा मुठीएवढा तुकडा. मी धाकट्या पिंपात चमचा बुडवला. काकवीसारखा दाट, चमच्यावरून उतरायलाच तयार नाही. ओरेस्ते दबक्या आवाजात म्हणाला, “पहिला चमचा आईच्या थडग्यावर नेऊया का?”

“थडग्यावर ओतू?” मी म्हटलं. “आईच कबरीतून उठून बसेल, वाया घालवला म्हणून. ती खायला मागत होती, ओरेस्ते. खायला.”

मी चीजच्या तुकड्यावर थेंब सोडला आणि खाल्ला. उभ्यानं, सगळा, आईच्या वाटचा आणि माझ्या वाटचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात तो सिरका. इतकं चांगलं मी जन्मात काही खाल्लं नव्हतं.

ते दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, तोंडं उघडी.

“झेलिंदा,” एर्मेस हळूच म्हणाला, “आम्हाला?”

“तुम्हाला काय?”

“जरासा. चमच्याला लागलाय तेवढा.”

मी चमचा चाटून स्वच्छ केला, पिंपावर फडकं घातलं, दगड ठेवला आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत ओवली.

“यंदाची भर दोघांनी मिळून घालायची,” मी म्हटलं. “बोलत बोलत. मग बघू.”